सेवर्डिएला: एका इवल्या हिरवाईची शंभर वर्षं

लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातले वनस्पतिशास्त्रज्ञ शिवराम कश्यप यांनी 1915 साली पश्चिम हिमालयातल्या एका लिव्हरवर्टचं, म्हणजे शेवाळवर्गातल्या एका चिमुकल्या वनस्पतीचं, वर्णन प्रसिद्ध केलं. केंब्रिजच्या प्रा. सेवर्ड यांच्या नावावरून तिचं नाव ठेवलं सेवर्डिएला ट्युबेरिफेरा. या प्रजातीत आजवर ही एकच जात आहे. पावसाळ्यात ती ओल्या मातीला चिकटून वाढते. पाऊस सरला की हिरवं अंग वाळून जातं, टोकाशी धरलेली गाठ मात्र मातीत टिकते आणि पुढच्या पावसात तिलाच कोंब फुटतात.

उन्हाळा असा मातीत काढणारी तिची नातलग गंगापूर तालुक्यातल्या लासूर स्टेशनकडेही असते. शाळेच्या पुस्तकातली रिक्सिया हीच. श्रावणात बांधाच्या सावलीला नीट वाकून पाहावं. रुपयाएवढं हिरवं चक्र, दर टोकाला दोन फाटे, प्रत्येक फाट्याच्या मधोमध बारीक खाच. बीजाणू अंगातच दडलेले. अंग कुजलं तरच ते सुटतात. त्यामुळे ते फार दूर जात नाहीत, जागा धरून राहतात. दुष्काळ अशा वनस्पतींना सोसतो. जागा उकरली, तर मात्र दुसरा आसरा नाही.

कश्यपांचा लिव्हरवर्टवरचा ग्रंथ दोन भागांत आला, 1929 आणि 1932 साली. 1934 मध्ये ते गेले. पुढे हे काम लखनौ विद्यापीठात एस. के. पांडे, राम उदर यांनी नेटानं वाढवलं, आणि भारतीय लिव्हरवर्टचं ज्ञान त्यांच्यामुळे कितीतरी पुढं गेलं.

संरक्षण मात्र रेंगाळलं. 1991 साली वन्यजीव कायद्यात वनस्पतींसाठी सहावी अनुसूची जोडली गेली. तिच्यात घटपर्णी होती, निळी वांदा होती, लिव्हरवर्ट एकही नव्हती. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेनं शेवाळवर्गीयांचा जागतिक कृती आराखडा 2000 साली काढला, आणि सेवर्डिएलाची गणना धोक्यातल्या जातींत झाली. वर्णनानंतर तब्बल पंच्याऐंशी वर्षांनी! युरोपानं 2019 मध्ये आपल्या 1,796 शेवाळवर्गीय जाती तपासल्या, 22.5 टक्के धोक्यात निघाल्या. एवढी बारीक मोजदाद पुढं ठेवली, की कोणता उतार राखायचा हे ठरवता येतं.

मोजदाद करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दहा पट दाखवणारं भिंग, कागदी पाकीट, तारीख-ठिकाणाची चिठ्ठी पुरते. गंगापूर, वैजापूर, कन्नड तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी गौताळा अभयारण्यातल्या ओढ्यांपासून शिवना नदीच्या काठापर्यंत दर भाद्रपदात हे करावं. जेसीबी बांध सपाट करण्याआधी करावं.