नोंद सापडली, पण दुसऱ्याच आडनावानं

आमच्या गल्लीत भांड्याला येणाऱ्या मावशी एका दुपारी ओट्यावर येऊन बसल्या आणि पदराची गाठ सोडून एक चुरगळलेला कागद माझ्यापुढं केला. "ताई, ग्रामपंचायतीत चारदा जाऊन आले. मालकाची नोंदच नाही म्हणतेत. मग माणूस मेलाच नाही का माझा?"

मावशींचं सासर मुखेड तालुक्यात. मालक २०१२ साली गेले. त्यांच्या नावची दोन एकर कोरडवाहू जमीन अजून तशीच, सातबारावर त्यांच्याच नावानं. दीर कसतो, वर्षाला दोन पोती ज्वारी पाठवतो. इतकी वर्षं मावशी गप्प होत्या. आता मुलीच्या शिक्षणाला पैसा हवा म्हणून वारस लावायचं मनावर घेतलं, तर तलाठ्यानं पहिल्यांदा मागितला तो मृत्यूचा दाखला. दीर म्हणाला, "कशाला त्या भानगडीत पडता वहिनी, मी आहे की." हे "मी आहे की" ऐकलं की माझे तर कानच टवकारतात!

मी विचारलं, "मालक वारले कुठं?"

"नांदेडला, दवाखान्यात."

इथंच सगळी मेख होती. मैत्रिणींनो, मृत्यूची नोंद माणूस राहत होता त्या गावात होत नाही, तो जिथं मरण पावला तिथं होते. घरी गेला तर गावच्या ग्रामपंचायतीत, शहरातल्या दवाखान्यात गेला तर त्या शहराच्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत. उपचारासाठी हैदराबादला नेलं आणि तिथंच संपलं, तर नोंद हैदराबादेत. आपल्याकडची माणसं आजारपणात नांदेड, लातूर, सोलापूर, हैदराबाद गाठतात. माती मात्र गावातच होते, त्यामुळे बायका गावातच दाखला शोधत राहतात. घरी मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची, दवाखान्यात झाला तर दवाखान्याची. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आहे, त्यात हे स्पष्ट लिहिलंय.

आम्ही दोघी नांदेडला गेलो. खिडकीवरच्या बाबूंनी तारीख विचारली. मावशींना तारीख कुठली आठवणार? त्या म्हणाल्या, "पंचमीचा दुसरा दिवस. माहेराहून बांगड्या आल्या होत्या." बाबू भला माणूस. त्यांनी २०१२ ची नागपंचमी काढली, ती जुलैत आली. तिथून पुढची पानं पाहिली, तरी नाव नाही. मग मीच म्हटलं, साहेब, आडनाव सोडा, गाव बघा. आणि सापडली! मालकाच्या नावापुढं आडनावाच्या जागी गावाचं नाव. दवाखान्यात कागद भरला होता घाबरलेल्या पुतण्यानं. गावात त्यांना ज्या नावानं हाक मारायचे तेच त्यानं सांगून टाकलं. वय बावन्न, तिथं पंचेचाळीस. मावशींनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिथंच रडायला लागल्या. बारा वर्षांत त्या माणसाबद्दल सरकारी कागदावर लिहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

नाव चुकलं तर घाबरू नका. ते दुरुस्त होतं. अर्ज, आधार किंवा रेशनकार्डासारखा जुना पुरावा, आणि माणसाला ओळखणाऱ्या दोन विश्वासू व्यक्तींचं म्हणणं लागतं. निबंधक मूळ नोंद खोडत नाही, समासात दुरुस्ती लिहून सही आणि तारीख टाकतो. मावशींच्या कामाला तीन चकरा पडल्या. त्यातल्या एका चकरेत आम्हाला "साहेब मीटिंगला गेलेत" एवढंच ऐकायला मिळालं, ते सोडून देऊ.

शोधायला जाताना साल जितकं नेमकं तितकं बरं. नोंद कुणीही शोधून मागू शकतं, पण शोधफी वर्षामागं पडते. "अंदाजे पाच-दहा वर्षांतलं कधीतरी" असं म्हटलं की फीही वाढते आणि बाबूंच्या कपाळावरच्या आठ्याही. आपल्या बायकांच्या डोक्यात साल आकड्यानं नसतं, पण असतं नक्की. बाहत्तरच्या दुष्काळात. किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९९२. थोरलीच्या लग्नानंतरच्या दिवाळीत. लग्नपत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले, जुनं कॅलेंडर असं काहीबाही घेऊन घरात बसलात की साल निघतंच.

त्याहून जुनं हवं असेल तर मराठवाड्याची गोष्ट वेगळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या काळातल्या बऱ्याच नोंदी उर्दूत, काही मोडीत, आणि साल फसली. फसली सालात ५९० मिळवले की साधारण इंग्रजी साल येतं. १३५० फसली म्हणजे १९४०-४१. महिन्यांची नावंही आझूर, दै, बहमन अशी. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा तहसीलच्या अभिलेख कक्षांतले असले गठ्ठे बाहेर निघाले. आजोबा-पणजोबांचा कागद शोधणाऱ्यांनी तिकडंही चौकशी करावी, सोबत उर्दू वाचणारं कुणी घ्यावं.

आणि जिल्हा बघा. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये, त्याआधी तो उस्मानाबादचा, म्हणजे आताच्या धाराशिवचा भाग. उदगीर, अहमदपूर, निलंगा तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात. मुधोळ, भैंसा हा भाग त्याच साली नांदेडातून आंध्रात गेला, आता तो तेलंगणात आहे. एका मैत्रिणीच्या आजीचं माहेर मुधोळचं. जुन्या कागदासाठी ती नांदेडात महिनाभर फिरली, कारण आजी सदा "आमचं नांदेड जिल्हा" म्हणायची.

नोंदच झालेली नसेल तर? मृत्यूनंतर एकवीस दिवसांत कळवलं की झालं. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होतं. वर्षाच्या आत वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की जिथं मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडून आधी "नोंद उपलब्ध नाही" असा दाखला घ्यायचा. पूर्वी पुढं कोर्टात जावं लागायचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला आणि जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशानं नोंद होते. मात्र २०२५ मध्ये सरकारनं उशिराच्या नोंदींची तपासणी कडक केली आहे. दवाखान्याची चिठ्ठी, स्मशानभूमीची पावती, पंचनामा, जे असेल ते जपून ठेवा.

सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्यांना शहाणपण शिकवणाऱ्या माझ्याच घरी सासूबाई गेल्या तेव्हा अठरा दिवस कुणाला नोंद सुचली नाही. राख, दहावा, तेरावा, पाहुणे, भांडीकुंडी. तेराव्याच्या आचाऱ्याचा हिशेब झाला, पत्रिका वाटून झाल्या. एकोणिसाव्या दिवशी यांना पळवलं.

कंधारकडची एक तरुण विधवा दाखला घ्यायलाच तयार नव्हती. नवऱ्यानं विष घेतलं होतं. "त्यावर लिहिलेलं असेल, लेकरांनी उद्या वाचलं तर?" असं म्हणायची. मी तिला सांगितलं, बाई, दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहीत नाहीत, कायद्यानंच मनाई आहे. ते फक्त नोंदवहीत राहतं. तिनं मला दोनदा विचारून खात्री केली, मग अर्जावर सही केली. निराधार योजना, विमा, बँकेतलं खातं, सगळंच त्या एका कागदावाचून अडलं होतं.

दाखल्याला किती दिवस, किती फी, नाही मिळाला तर दाद कुणाकडं मागायची, हे २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार कार्यालयातल्या फलकावर लिहिलेलं असलं पाहिजे. आधी तो वाचा. अर्जाची पोच घ्या. आणि एक प्रत घेऊन थांबू नका, चार-पाच घ्या. बँकवाला एक ठेवून घेतो, विमावाला दुसरी.

मावशींचा दाखला मिळाला. वारसांच्या अर्जात मावशी, मुलगी आणि म्हाताऱ्या सासूबाई, तिघींचीही नावं घातली, कारण बायको, मुलं आणि आई हे तिघंही वारस. दिराचं नाव त्यात नाही. त्यानं हरकत घेतलीच, पुढल्या महिन्यात मंडळ अधिकाऱ्याकडं तारीख आहे. मावशींनी त्या दिवशीची सुट्टी माझ्याकडं आत्ताच सांगून ठेवलीय.