कॉन्स्टेबलची गवताची गाडी

चित्रकलेच्या तासास झाड काढावयास सांगितलें म्हणजे आमचे बहुतेक विद्यार्थी एकच हिरवा रंग कालवून सारा पर्णभार सारखा भरून टाकतात. चित्र स्वच्छ दिसतें; पण त्या झाडाखालीं घटकाभर बसावें असें कोणास वाटत नाहीं. असें कां होतें, हें जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराच्या 'द हे वेन', म्हणजे 'गवताची गाडी', या चित्रावरून चांगलें कळतें.

हें तैलचित्र सन १८२१ मधील असून लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. त्याची रुंदी सुमारें १८५ व उंची १३० सेंटिमीटर. सफोक परगण्याच्या सीमेवरील स्टूर नदीच्या उथळ पात्रांत एक घोड्यांची गाडी उतरली आहे. डावीकडे विली लॉट नामक शेतकऱ्याचें घर, कांठावर एक कुत्रा. चित्रकारानें प्रथम यास 'भूदृश्य : मध्यान्ह' असें नांव दिलें होतें. त्यांत घडत असें कांहींच नाहीं, तरी पाहणाऱ्याचें मन निवतें.

जवळ जाऊन पाहिलें असतां त्याचें कारण दिसूं लागतें. पिवळट, निळसर, करडे असे कितीतरी हिरवे रंग कुंचल्याच्या लहान, तुटक फटकाऱ्यांनीं शेजारीं शेजारीं ठेविले आहेत. दुरून ते डोळ्यांतच मिसळतात आणि पानें हालल्याचा भास होतो. पाण्यावर व पानांवर शुभ्र ठिपके आहेत, ती ओल्या पानावरील उन्हाची चकाकी. कॉन्स्टेबलच्या अशा ठिपक्यांची टीकाकारांनीं 'बर्फ' म्हणून थट्टा केली! घोड्यांच्या साजावर थोडासा तांबडा रंग आहे. छापील प्रत मिळाल्यास तो बोटानें झांकून पाहावा. भोंवतालची हिरवळ तत्काळ फिकी पडते. आणि आकाश तर त्याच्या मतें चित्रांतील भावाचें मुख्य साधनच. त्यासाठीं तो हॅम्पस्टेडच्या टेकाडावर ढगांचीं चित्रें काढून त्यांच्या पाठीवर दिवस, वेळ व वारा टिपून ठेवी.

रॉयल ॲकॅडमीच्या प्रदर्शनांत हें चित्र विकलें गेलें नाहीं. पुढें १८२४ सालीं पॅरिसांत मात्र त्यास सुवर्णपदक मिळालें.

एक गोष्ट मला नेहमीं खटकते. चित्र रंगविलें तें नदीकांठीं नव्हे, तर लंडनमधील चित्रशाळेंत, जुन्या टिपणांवरून. पुढच्याच वर्षीं, १८२२ सालीं, त्या प्रांतांतील उपाशी मजुरांनीं मळणीचीं यंत्रें फोडलीं. तेव्हां ही शांति त्या खेड्याची, कीं तेथें बाळपण घालविलेल्या चित्रकाराच्या आठवणीची? मला दुसरेंच खरें वाटतें. उजवीकडे, दूरच्या कुरणांत, गवत कापणारे मजूर आहेत. पण ते कुंचल्याच्या दोनचार पांढऱ्या ठिपक्यांएवढेच.