जुन्या मोटारींत वीज अडते कोठें?

वाडवडिलांनीं हौसेनें घेतलेली मोटार कांहीं झालें तरी विकावयाची नाहीं, असा निश्चय केलेलीं घरें आपल्याकडे अद्याप पुष्कळ आहेत. परंतु हा निश्चय बहुधा एखाद्या पावसाळ्यांत ढासळतो, आणि त्याचें कारण इंजिनाचें दुखणें नसून विजेचें असतें. दिवे मिणमिणतात, हॉर्न मुका होतो, रात्रीं भरलेली बॅटरी सकाळीं रिकामी सांपडते. मिस्त्री येतो, बॅटरी बदलतो. महिन्याभरानें डायनामो बदलतो. आणि अखेरीस "हिचें सारें वायरिंगच गेलें" असा निकाल देऊन मोकळा होतो. वस्तुतः सारें वायरिंग एकाएकीं क्वचितच जातें. जातो तो एखादा सांधा; आणि तो हुडकून काढणें हें दोन प्रहर स्वस्थ बसूं शकणाऱ्या कोणाही सुशिक्षित मनुष्याला साधण्यासारखें आहे.

उदाहरणादाखल मॉरिस मायनर घेऊं. अलेक इसिगोनिस यांनीं आंखलेली ही इंग्लिश मोटार १९४८ सालीं बाजारांत आली आणि १९७१ पर्यंत तिच्या सुमारें सोळा लक्ष गाड्या निघाल्या. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनें काढलेली 'बेबी हिंदुस्थान' हा तिचाच अवतार होय. तिची विजेची सामग्री लुकास कंपनीची. या कंपनीला इंग्रज लोक थट्टेनें 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत. ही थट्टा आम्हांस फारशी न्याय्य वाटत नाहीं. साठ-सत्तर वर्षें धूळ, पाऊस आणि उंदीर सोसल्यावर कोणाचें पितळ चकाकत राहील?

उलट लुकासनें तारांचे रंग ठरवून आपल्यावर उपकारच करून ठेवले आहेत. तपकिरी तार थेट बॅटरीकडून येते. पांढरी तार किल्ली फिरविल्यावर जिवंत होते, आणि हिरवी ही त्याच पांढरीची फ्यूजमधून पार पडलेली लेक होय. तांबडी बाजूच्या व शेपटीच्या दिव्यांची, निळी मोठ्या दिव्यांची, आणि काळी ती सांगाड्याला जाऊन मिळणारी. जुन्या तारांवर सुताचें वेष्टण असे व तें तेलानें सारखेंच मळकट होतें. अशा वेळीं तार जेथें पट्टीखालीं दबलेली असेल तेथील पट्टी सोडून पाहावी. मूळ रंग तेथें जपलेला सांपडतो.

हात घालण्यापूर्वीं आणखी एक खबरदारी. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचें ऋण टोक नव्हे, तर धन टोक सांगाड्याला जोडीत. आजचा मिस्त्री संवयीनें उलट जोडणी करतो. दिवे लागतात म्हणून कोणाला संशय येत नाहीं, पण मागाहून बसविलेला एखादा ट्रान्झिस्टरचा रेडिओ तेवढ्यांत जळून जातो.

आतां मुख्य विषय. मोटारींत वीज जावयास तार असते, परंतु परत यावयास बहुधा तार नसते. ती सांगाड्याच्या लोखंडांतूनच परतते. या परतीच्या वाटेला मिस्त्री लोक 'अर्थ' म्हणतात. शब्द इंग्रजी खरा, पण निम्म्या दुखण्यांचा अर्थ तेथेंच लागतो. समजा, ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टांवर ५ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे तापलेल्या तंतूचा रोध २.४ ओहम झाला. दिव्याच्या गंजलेल्या स्क्रूखालीं केवळ ०.६ ओहम रोध उत्पन्न झाला, कीं प्रवाह ४ अँपिअरच्या आसपास येतो आणि दिव्याच्या वांट्याला साडेनऊ व्होल्टच उरतात. उजेड मात्र याहून पुष्कळ अधिक घटतो, तो जवळजवळ निम्म्यावर येतो. येथें दहा नवे बल्ब आणले तरी काय उपयोग?

ही परीक्षा ओहममापकानें करूं नये. जिचा एकच केस शाबूत उरला आहे अशी तारही त्याला धडधाकट वाटते. ओझें पडल्यावरच तिचें खरें रूप कळतें. म्हणून दिवा लावून ठेवावा, व्होल्टमापकाचें एक टोक बॅटरीच्या सांगाड्याकडील खांबाला व दुसरें दिव्याच्या धातूच्या कवचाला लावावें. कांटा जेवढा चढेल तेवढे व्होल्ट परतीच्या वाटेंत वायां जात आहेत. अर्ध्या व्होल्टापेक्षां अधिक दिसल्यास स्क्रू काढून, बूड काचकागदानें लखलखीत घांसून पुन्हां आवळावा. मागील इशाऱ्याचा दिवा लुकलुकूं लागतांच शेजारचा शेपटीचा दिवाही त्याच तालावर मिणमिणतो, हा चमत्कारही याच जातीचा. परतीची वाट बंद झालेली वीज शेजारच्या तंतूंतून आडवाट काढते.

साताऱ्यास आमच्या मामांकडे १९५६ सालची मायनर आहे. सेल्फ मारला कीं इंजिन कण्हत कण्हत फिरे, आणि चोकची मूठ हाताला चटका बसेल इतकी तापे. एका कारखान्यानें बॅटरी बदलली, दुसऱ्यानें सेल्फ बदलला. मूठ तापावयाची थांबेना. मामींनीं मुलांना गाडींत बसविण्यास साफ मनाई केली आणि मामा भंगारवाल्याशीं बोलणें लावावयास निघाले. इंजिन रबराच्या बैठकींवर बसविलेलें असतें, म्हणून त्याचा व सांगाड्याचा संबंध तांब्याच्या एका विणलेल्या पट्टीनें जोडावा लागतो. पूर्वीं कधीं गिअरबॉक्स उतरविला असतां ती पट्टी परत बसविलीच नव्हती. सेल्फ दीडशें अँपिअरच्या घरांत प्रवाह ओढतो. तो सारा बिचाऱ्या चोकच्या बारीक तारेंतून परतत होता! आम्हीं एक जाड तार इंजिनापासून सांगाड्यापर्यंत धरतांच सेल्फ गरकन् फिरला. नवी पट्टी त्याच सायंकाळीं बसली. मामींची मनाई मात्र दिवाळीपर्यंत टिकली.

रात्रीं उतरणाऱ्या बॅटरीचा शोध निराळा. अर्धा अँपिअर प्रवाह चोरीस जात असला तरी तीन दिवसांत ३६ अँपिअर-तास जातात, आणि अशा बॅटरीची सारी पुंजी ती चाळीसची. सर्व स्विच बंद करून बॅटरीची सांगाड्याकडील तार सोडावी आणि खांब व तार यांमध्यें एक लहान बल्ब धरावा. तो पेटल्यास चोर आहेच. मग एकेक फ्यूज काढावा. जो काढतांच बल्ब विझेल त्याच्या शाखेंत चोर आहे. दोन्ही फ्यूज काढूनही बल्ब पेटलेलाच राहिला, तर नियंत्रकाच्या पेटीकडे वळावें. डायनामो थांबला कीं बॅटरीची वीज उलट त्यांत शिरूं नये म्हणून तेथें 'कटआउट' असतो. त्याचीं टोकें चिकटलीं म्हणजे बॅटरी डायनामोंत रिकामी होऊं लागते. याची एक सोपी खूण आहे. डायनामोचा तांबडा दिवा किल्ली काढल्यावरही जळत असल्यास तत्काळ बॅटरीची तार सोडावी. तेथें चहा पिऊन येण्याइतकीही सवड नसते.

फ्यूजविषयीं मात्र हयगय नको. सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद गुंडाळून बसविलेला फ्यूज आम्हीं प्रत्यक्ष पाहिला आहे. अशा गाडींत फ्यूजऐवजीं तारच वितळते, आणि तारेचें वेष्टण पेटावयास वेळ लागत नाहीं. लुकासच्या फ्यूजवर ३५ हा आंकडा असतो, तो फ्यूज ज्या प्रवाहास वितळतो त्याचा. सतत वाहण्याची त्याची मर्यादा १७ अँपिअर. आजच्या पुष्कळ फ्यूजांवर सतत प्रवाहाचा आंकडा छापतात, म्हणून जुन्या ३५ च्या जागीं दुकानांतून नवा ३५ आणून बसविणें म्हणजे पहारा निम्मा करणें होय. शिवाय या गाड्यांत मोठ्या दिव्यांना व इग्निशनला मुळींच फ्यूज नसे. तपकिरी तारेचें वेष्टण फाटून ती पत्र्याला टेंकली, तर तिला अडविणारें कोणी नाहीं. तेव्हां वाड्यांत गाडी ठेवतांना बॅटरीला हातानें फिरविण्याचा एक तोडणारा स्विच बसवून घ्यावा, आणि पत्र्याच्या भोंकांतून तार जाते तेथील रबरी कडें फुटलें नाहीं ना, हें पावसाळ्याआधीं एकदां बोट घालून पाहावें.