वेब प्रणालीतील माहितीचे जतन : योग्य पद्धतीची निवड

रेल्वेतील अखेरच्या बर्थसाठी दोन शहरांतील दोन प्रवाशांनी एकाच क्षणी मागणी नोंदवली, तर तो बर्थ एकालाच मिळाला पाहिजे. पैसे भरल्यानंतर सर्व्हर बंद पडला, तरी आरक्षणाची नोंद पुसली जाता कामा नये. भारतीय रेल्वेची इंटरनेटवरील तिकीट सेवा आयआरसीटीसीमार्फत २००२ मध्ये सुरू झाली. अशा व्यवहारांची सवय आता सर्वांनाच झाली आहे. मात्र ही नोंद टिकवून ठेवणारी यंत्रणा कशी उभारावी, हा प्रश्न प्रत्येक नव्या वेब प्रणालीसमोर उभा राहतो.

अशा प्रणालीची रचना सामान्यतः तीन स्तरांत केली जाते. पहिला स्तर वापरकर्त्याला पडद्यावर माहिती दाखवतो. दुसऱ्या स्तरात भाडे, सवलत, प्रतीक्षा यादी यांसारखे नियम असतात. तिसरा स्तर माहिती डेटाबेसमध्ये साठवतो व तेथून परत आणतो. या विभागणीमुळे पडद्याचे रूप बदलले, तरी नियमांना हात लावावा लागत नाही.

खरी अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तराच्या सीमेवर उद्भवते. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संकल्पनेनुसार रिलेशनल डेटाबेसमधील माहिती तक्त्यांत असते. जावासारख्या भाषेत मात्र तीच माहिती परस्परांशी जोडलेल्या ऑब्जेक्टच्या रूपात वावरते. एका तिकिटात चार प्रवासी असतील, तर प्रोग्रामसाठी ती एकच वस्तू असते. डेटाबेससाठी त्या दोन तक्त्यांतील पाच ओळी असतात. या दोन रूपांचा मेळ घालण्याचे तीन प्रमुख मार्ग आहेत.

पहिला मार्ग थेट एसक्यूएल लिहिण्याचा. त्यात डेटाबेसवर पूर्ण नियंत्रण राहते. परंतु एकसारखा मजकूर वारंवार लिहावा लागतो. दुसरा मार्ग मधला आहे. मायबॅटिससारख्या साधनात एसक्यूएल प्रोग्रामर स्वतः लिहितो आणि आलेल्या ओळींचे ऑब्जेक्टमध्ये रूपांतर साधन करते. तिसऱ्या मार्गात एसक्यूएलही साधनच तयार करते. गॅविन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलेले हायबरनेट हे त्याचे ठळक उदाहरण होय. जावामध्ये या पद्धतीला २००६ मध्ये जेपीए या नावाने प्रमाणित रूप मिळाले.

तिसरा मार्ग सर्वांत सोयीचा भासतो. तथापि त्यात एक धोका दडलेला असतो. शंभर तिकिटांची यादी मागवली आणि प्रत्येक तिकिटाचे प्रवासी स्वतंत्रपणे आणले गेले, तर एका प्रश्नाऐवजी डेटाबेसकडे १०१ प्रश्न जातात. चाचणीच्या वेळी दहा नोंदी असताना हा दोष लक्षात येत नाही. गर्दीच्या दिवशी मात्र संपूर्ण सेवा मंदावते. म्हणून साधन कोणतेही वापरले, तरी ते कोणते एसक्यूएल पाठवते, हे तपासणारी व्यक्ती चमूत असणे आवश्यक आहे.

निवड करताना कामाचे स्वरूप पाहावे. नियम गुंतागुंतीचे असतील आणि एकेका नोंदीत वारंवार बदल होत असतील, तर हायबरनेटसारखे साधन श्रम वाचवते. लाखो नोंदींची बेरीज करून अहवाल काढायचा असेल, तर थेट एसक्यूएल अधिक उचित ठरते. डेटाबेस पूर्वीपासून अस्तित्वात असेल आणि त्याची रचना बदलणे शक्य नसेल, तर मधला मार्ग हितावह असतो. एकाच प्रणालीत दोन पद्धती योजण्यासही हरकत नाही; मात्र दोन्ही तिसऱ्या स्तरातच राहाव्यात, नियमांच्या स्तरात शिरू नयेत.

अखेरच्या बर्थचा प्रश्न मात्र केवळ साधनाच्या निवडीने सुटत नाही. त्याच गाडीच्या, त्याच तारखेच्या, त्याच टप्प्यातील बर्थवर दुसरी नोंद होऊ नये, असे बंधन डेटाबेसमध्येच घालावे लागते. पैशांची व आरक्षणाची नोंद एकाच व्यवहारात बांधावी लागते, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. याशिवाय प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक देता येतो. दोघांनी सातवी आवृत्ती वाचली आणि पहिल्याने बदल करून ती आठवी केली, तर दुसऱ्याचा बदल नाकारला जातो व त्याला ताजी माहिती पुन्हा वाचावी लागते.

पडदे बदलतात, भाषा बदलतात, साधनेही मागे पडतात. नोंदी मात्र त्या सर्वांपेक्षा अधिक काळ टिकतात. उद्या दुसरी एखादी प्रणाली याच तक्त्यांतून माहिती वाचणार आहे, हे गृहीत धरून केलेली निवडच दीर्घकाळ उपयोगी पडते. प्रोग्रामरची आजची सोय हा निवडीचा एक निकष जरूर असावा, परंतु नोंदीची अचूकता हा त्याआधीचा निकष होय.