चारही चाकांनी ओढणारी

काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारी भरतो. खिलार खोंडाच्या शिंगांना कितीही हिंगूळ लावलेला असो, जाणता शेतकरी आधी जबडा उघडून दात बघतो: अदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला. मग खूर, मग खांदा, मग दोर धरून चाल. बसलेला बैल असेल तर तो कसा उठतो तेही बघायचं. आमचे अण्णा चाळीसेक वर्षं या बाजारात हेच करत आले. म्हणून तीन वर्षांपूर्वी जुनी फोर बाय फोर गाडी घ्यायला निघालो तेव्हा मी त्यांना सोबत घेतलं. पहिल्याच गाडीपाशी मी बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकत होतो, तर त्यांनी मागून विचारलं, “हिला जुंपून बघितली का रं?”

“चालवून बघितली की अण्णा. दौंडपर्यंत नेऊन आणली.”

“डांबरावर कुठलं बी जनावर पळतं. ओढ बघितली का?”

ती बघितली नव्हती. मालकाला विचारलं तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, दहा वर्षांत फोर व्हीलचं बटण कधी फिरवलंच नाही, गाडी अगदी जपून वापरली आहे. शेजारच्या नांगरटीत गाडी घातली, बटण फिरवलं. दिवा लुकलुकत राहिला आणि पुढची चाकं शेवटपर्यंत जुंपली गेली नाहीत. गाडी रुतली ती ट्रॅक्टरने बाहेर काढावी लागली.

या लेखात मला सगळ्यात आधी हेच सांगायचं आहे. जुन्या बाजारातली “जपून वापरलेली” फोर बाय फोर दिसते तितकी निर्धोक नसते. पुढच्या आसाला ताकद पोचवणारा ट्रान्स्फर केस, तो जोडणारी छोटी मोटर, पुढचा शाफ्ट आणि त्याचे क्रॉस, चाकाजवळचे हब हे सगळे हलते भाग आहेत. वर्षानुवर्षं हलवले नाहीत की ग्रीस वाळतं, मोटर आखडते, ऑइल तर कुणी बदललेलंच नसतं. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर चार-दोन किलोमीटर फोर व्हीलमध्ये चाललेली गाडी जास्त चालली असली तरी चालेल, मी तीच आधी बघेन.

पण मुळात फोर बाय फोर हवी कशाला? आमचा श्रीगोंदा तालुका अवर्षणाचा, पाऊस कमी. तरी ज्यांची वस्ती काळ्या रानात आहे त्यांना ठाऊक आहे की एक चांगली सर आली की रस्त्यापासून घरापर्यंतचा अर्धा किलोमीटर कसा होतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत भरून बसते, आणि खाच भरलेला टायर म्हणजे गुळगुळीत टायर. दुसरं कारण आमच्या घरात सगळ्यांच्या आवडीचं. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा आपला. या टोकाला भीमाकाठी काष्टी, पेडगावचा किल्ला. त्या टोकाला अकोले तालुका, जिथे १,६४६ मीटरचं कळसूबाई, रतनगड, साम्रदजवळची सांधण दरी, पाचनईकडून चढायचा हरिश्चंद्रगड. घाटघरला पाऊस एवढा की त्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. घरातली सात माणसं एकाच गाडीत घालून श्रावणात तिकडे जायचं, मुक्कामाच्या घरापर्यंतच्या निसरड्या चढावर आईला उतरून चालायला लावायचं नाही, एवढीच आमची साहसाची व्याख्या होती. वाट सोडून रानात, अभयारण्यात गाडी घालणं मला मान्य नाही. समुद्राच्या वाळूत तर नकोच. तिथे गाडी अडकते, किनारा खराब होतो आणि खारं पाणी चेसिस खाऊन टाकतं.

फोर बाय फोर या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जाती विकल्या जातात, हे घेणाऱ्याला बहुतेकदा कुणी सांगत नाही. पहिल्या जातीत ट्रान्स्फर केस असतो आणि तीन जागा असतात: टू हाय, फोर हाय आणि फोर लो. फोर लोमध्ये वेग पडतो आणि चाकांना मिळणारा जोर साधारण अडीच पट होतो. बैल रुतल्या गाड्याला मान खाली घालून हळूहळू ओढतो ना, तसं. दुसऱ्या जातीत गाडी एरवी पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांवर चालते आणि चाक घसरलं की विजेवर चालणारा क्लच दुसऱ्या आसाला ताकद देतो. हिला ऑल व्हील ड्राइव्ह म्हणतात. ओल्या घाटात ती उत्तम, पण लो गिअर नसतो. तासभर चिखलात झुंजवली तर क्लच तापतो आणि गाडी आपलं रक्षण म्हणून ताकद काढून घेते.

आता बाजारात मिळतं काय ते बघू. महिंद्रची स्कॉर्पिओ २००२ साली आली, नाशिकच्या कारखान्यातून. तिची फोर बाय फोर पहिल्या जातीची, लो गिअरवाली. मिस्त्री श्रीगोंद्यात मिळतो, सुटे भाग दौंडला किंवा नगरला मिळतात. टाटाची सफारी १९९८ची, २०१२ पासून सफारी स्टॉर्म. तिलाही लो गिअर. लष्कराने २०१७ मध्ये ३,१९२ स्टॉर्म मागवल्या होत्या, त्या फोर बाय फोरच. पण सावध राहा: २०२१ साली सफारी याच नावाने जी नवी गाडी आली तिची फक्त पुढची दोन चाकं ओढतात. “सफारी आहे, फोर बाय फोर असणारच,” असं म्हणणारे दलाल मला भेटले आहेत. टाटाची हेक्झा २०१७ ची, बसायला या सगळ्यांत आरामाची, मात्र तिची फोर बाय फोर दुसऱ्या जातीची. महिंद्रची एक्सयूव्ही ५०० ही २०११ पासून चाकणला बनायची, तिचं ऑल व्हील ड्राइव्हही त्याच जातीचं. टोयोटाची फॉर्च्युनर २००९ मध्ये आली. आधी तिला कायम चारही चाकांची ओढ होती, २०१६ च्या पिढीत गरजेपुरती. दोन्हींत लो गिअर आहे. फॉर्च्युनर टू व्हील ड्राइव्हमध्येही भरपूर विकली गेली, तेव्हा मागचा बिल्ला न बघता लो गिअरची कळ बघा. बिल्ला दुकानात मिळतो. फोर्डची एन्डेव्हर, विशेषतः ३.२ लिटरची, डोंगरात फार ताकदीची. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं, त्यामुळे सुट्या भागांसाठी पुण्याकडे डोळे लावून बसायची तयारी हवी. इनोव्हा कितीही भरवशाची असली तरी या यादीत नाही, तिची दोनच चाकं ओढतात.

माझं मत विचाराल तर खेड्यातल्या घराला स्कॉर्पिओ किंवा स्टॉर्म. रुतली तरी निघते, बिघडली तरी गावात उघडता येते. ज्यांचा प्रवास नव्वद टक्के महामार्गाचा आहे त्यांनी हेक्झा बघावी, आणि खिसा मोठा असेल त्यांनी फॉर्च्युनर. पैसे अपुरे असताना ताणून घेतलेली थकलेली फॉर्च्युनर मात्र घेऊ नये. तिच्या एका दुरुस्तीत स्कॉर्पिओचे चारही टायर येतात.

सात सीटचं गणित कागदावर वेगळं आणि बसल्यावर वेगळं. स्टॉर्मच्या शेवटच्या दोन सीट एकमेकींसमोर तोंड केलेल्या, आडव्या. घाटात आडवं बसलेल्याला हमखास उलटी होते, आणि धडक झाली तर त्या बसण्याला आधार नसतो. जुन्या स्कॉर्पिओत समोर तोंडाची आणि आडवी अशा दोन्ही रचना मिळतात, तेव्हा प्रत्यक्ष दार उघडून बघा. फॉर्च्युनरची तिसरी रांग समोर तोंडाची, पण तळ उंच असल्याने गुडघे छातीशी येतात. आम्ही युक्ती केली. गाडी बघायला सगळं घर घेऊन गेलो. सगळ्यात उंच माणूस म्हणजे माझी धाकटी बहीण, तिला मागच्या रांगेत बसवून अर्धा तास फिरवलं. एका गाडीतून उतरताना तिला पाय सरळ करता येईना, ती गाडी तिथेच सोडली. आणि सातही जण बसल्यावर मागचं दार लावून बघा, किती पिशव्या मावतात ते. बहुतेक गाड्यांत दोन. उरलेलं सामान टपावर जातं, आणि टपावरच्या ओझ्याने उंच गाडी वळणावर कलते. पाण्याचे कॅन, स्वयंपाकाचं जड सामान आत तळाशी, टपावर फक्त गाद्या.

बघायला जाताना जुनी सतरंजी आणि बॅटरी न्या आणि गाडीखाली झोपा. तिथे मी काय बघतो? चेसिसच्या दांड्यावर ताजा काळा रंग मारलेला असेल तर तो का मारला ते विचारतो, नखाने खरवडतो. ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियल ऑइलने पाझरलेले आहेत का. मालक तयार असेल तर डिफरन्शियलचा बोल्ट थोडा ढिला करून चार थेंब बोटावर घेतो: सोनेरी किंवा काळपट असेल तर ठीक, दुधाच्या चहासारखं असेल तर आत पाणी शिरलं आहे. शाफ्ट हाताने पिरगळला की कट्‌ असा आवाज आला तर क्रॉस गेलेला. हे स्वस्तातलं काम आहे, पण किंमत पाडायला उपयोगी.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असायला हवेत. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये दोन नवे, दोन गुळगुळीत असले तर चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि क्लचला उगाच काम पडतं.

पुराची गाडी ओळखायची तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ असते, धुणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर आणि चिपळूणचा २०२१ चा पूर यांत किती गाड्या पाण्याखाली गेल्या, त्या सगळ्या भंगारात गेल्या असं समजू नका. वडापला पळालेली गाडीही अशीच ओळखता येते: मीटर काहीही सांगो, मागच्या दाराची कडी, पायरी आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजलेलं असतं.

जुंपून बघायची रीत अशी. मऊ मातीची सरळ जागा हवी. आधी फोर हाय, थोडं पुढे. मग गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रल करून, क्लच दाबून फोर लो. दिवा लुकलुकणं थांबून स्थिर लागला पाहिजे. पहिला गिअर टाकून क्लच सावकाश सोडा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. चांगली गाडी बांधाचा चढ स्वतःच रांगत चढते. कडकड आवाज, गिअर उडणं, दिवा जाणं, यांतलं काही झालं तर नमस्कार करून परत यायचं. ही परीक्षा डांबरावर करू नका. वळताना पुढच्या चाकांना लांबचा पल्ला असतो आणि मागच्यांना जवळचा. मातीत चाक घसरून तो फरक भरून काढतं, डांबर घसरू देत नाही, मग सगळा पीळ गिअरांवर येतो. दुसऱ्याची गाडी अशी मोडायची नसते.

कागदांत मात्र कुणावर विसंबू नका. आरसीवरचा चेसिस नंबर स्वतः डोळ्यांनी ताडून बघा, आसनक्षमता सात लिहिली आहे ना ते वाचा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, आणि विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, गाडीबरोबर येत नाही. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असल्याने तिकडच्या गाड्या फार स्वस्तात दाखवतात. तिकडची एनओसी, इथली नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर धरून हिशेब केला की स्वस्ताई बरीचशी विरते. पंधरा वर्षं होत आलेली गाडी असेल तर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर त्यातच धरा. आणि ठरलेल्या किमतीच्या वर दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवा, पहिल्या महिन्यात सगळी ऑइलं, बुश, बॅटरी यांना लागतात.

आम्ही पाच गाड्या बघितल्या. पाचवी एमएच-१५ पासिंगची स्कॉर्पिओ होती, एका द्राक्षबागायतदाराची. दारावर ओरखडे, सीटचं कापड विटलेलं, पाटीवर माती. बागेत पावसाळाभर चालायची, असं तो म्हणाला. खाली झोपलो तर शाफ्टच्या क्रॉसवर ताजं ग्रीस. त्याच्याच बागेच्या बांधाशी फोर लो टाकली. दिवा लागला आणि स्थिर राहिला. क्लच सोडला तशी गाडी आवाज न वाढवता ओल्या मातीतून वर निघाली. अण्णा बहिणीशेजारी मागच्या रांगेत बसले होते. वर पोचल्यावर ते उतरले, चारही चाकांचे ठसे वाकून बघितले आणि बंडीच्या आतल्या खिशातून इसाराचे पैसे काढले.