मधली अकरा वर्षे

टेनिसची रॅकेट मी आयुष्यात कधी हातात धरलेली नाही. आमच्या लहानपणी मंगरूळपीरला ‘टेनिस’ हा शब्द क्रिकेटच्या रबरी चेंडूपुरताच ठाऊक होता. असा माणूस टेनिसवर काय बोलणार, असे कुणालाही वाटेल. पण घरात एक प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मला या खेळाची थोडी ओळख झाली.

३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेत मिश्र दुहेरीचा अंतिम सामना होता. रोहन बोपण्णा आणि ऋतुजा भोसले पहिला सेट चायनीज तैपेईच्या जोडीकडून २-६ असा हरले, दुसरा ६-३ असा जिंकले आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा घेऊन त्यांनी सुवर्णपदक मिळवले. ऋतुजा मूळची श्रीरामपूरची, हे कळताच माझी भाची उडालीच. “मामू, श्रीरामपूरची? म्हणजे आपल्यासारख्याच तालुक्याच्या गावची?”

भाची बॅडमिंटन खेळते. आता ती दहावीत आहे. तिचे वडील मला म्हणाले, “भाईजान, तुम्हीच समजवा हिला. खेळून काय मिळणार?” मी चार पुस्तके छापलेला कवी. हाच प्रश्न मलाही एकेकाळी विचारला गेला होता. म्हणून टाळाटाळ न करता ऋतुजाच्या वाटचालीचा हिशेब मांडायचे ठरवले.

ऋतुजाचा जन्म मार्च १९९६ चा. वडील पोलीस खात्यात. २०१२ मध्ये, वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्याआधीच, ती फेड कप स्पर्धेसाठी भारताच्या संघात आली. पदक मिळाले तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. वर्तमानपत्रांत ही दोन टोके ठळक दिसतात. मधली अकरा वर्षे मात्र दिसत नाहीत, आणि खेळाडू घडतो किंवा मोडतो तो त्याच वर्षांत.

व्यावसायिक टेनिस ही एक शिडी आहे. विम्बल्डन वरच्या पायरीवर. तळाला आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छोट्या स्पर्धा. त्यांतल्या सर्वांत लहान स्पर्धेत सगळी बक्षिसे मिळून १५ हजार डॉलर असतात. पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये. त्यात विमानाचे तिकीट, हॉटेल, जेवण आणि रॅकेटच्या तारा भागवायच्या. प्रशिक्षक सोबत न्यायचा तर त्याचाही खर्च.

गुणांचे तर आणखी अवघड. जिंकलेले गुण ५२ आठवडेच टिकतात. आम्हा कवींची जुनी कविता निदान वहीत राहते. इथे मागच्या वर्षीची कमाई यंदा पुसली जाते. दुखापतीने सहा महिने घरी बसलात, की खालच्या पायऱ्या पुन्हा चढायच्या.

महासंघानेच २०१३ च्या आकडेवारीवरून एक पाहणी केली होती. प्रशिक्षकाचा खर्च वगळूनही मिळकत आणि खर्च यांची तोंडमिळवणी महिलांमध्ये साधारण २५३ व्या क्रमांकावर आणि पुरुषांमध्ये ३३६ व्या क्रमांकावर होत होती. ऋतुजा एकेरीत बराच काळ जागतिक क्रमवारीत तीनशेच्या पलीकडे होती. याचा अर्थ असा, की देशाला सुवर्णपदक मिळवून देणारी मुलगीसुद्धा या हिशेबात तोट्याच्या बाजूला असू शकते.

मग तिने ही वर्षे काढली कशी? तिने एक दार उघडे ठेवले होते, ते शिक्षणाचे. २०१४ मध्ये ती अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली आणि विद्यापीठाच्या संघाकडून खेळली. तिथली विद्यापीठे चांगल्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात. कोर्ट, प्रशिक्षक आणि सामने तिथेच मिळतात. त्यानंतर ती पूर्णवेळ व्यावसायिक टेनिसकडे वळली. २०२० मध्ये भारत प्रथमच फेड कपच्या प्ले-ऑफमध्ये पोहोचला, त्या संघात ती होती.

थोडे बाहेर पाहू. चेक प्रजासत्ताक हा विदर्भाच्या निम्म्या लोकवस्तीचा देश, पण टेनिसपटूंचे पीकच घेतो. दोनदा विम्बल्डन जिंकलेली पेत्रा क्विटोव्हा फुलनेक नावाच्या लहानशा गावची. शिक्षक असलेल्या वडिलांनीच तिला खेळ शिकवला. तिथे लहान गावांतही क्लब आणि मातीची कोर्ट असतात, म्हणून पहिली पायरी घराजवळ सापडते. तरी पुढची वाट त्यांनाही सरळ नाही. त्याच देशाची लिंडा फ्रुहविर्तोवा २०२२ मध्ये सतराव्या वर्षी चेन्नईची स्पर्धा जिंकून गेली, पुढच्याच वर्षी पहिल्या पन्नासात पोहोचली आणि २०२४ मध्ये शंभराच्या बाहेर गेली. वय एकोणीस! तिला कुणी अपयशी म्हणेल का? ही तर या धंद्याची रीतच आहे.

हे सारे मी मेव्हण्याला सांगितले. तो हिशेबी माणूस, किराणा दुकान चालवतो. म्हणाला, “म्हणजे घाटाच सांगितलात की.” मी म्हटले, “हो. पण तू दुकान उघडलेस, तेव्हा पहिल्या वर्षी नफा झाला होता का?” तो काही बोलला नाही.

माझ्या तरुणपणी कविता ‘साभार परत’ यायच्या. पाकीट लपवावे लागायचे, कारण घरात पोस्टाच्या तिकिटांचा हिशेब निघायचा. तेव्हा “तू मोठा कवी होशील” असे कुणी म्हणायला नको होते. “अजून दोन वर्षे लिही, तिकिटांचे आम्ही बघतो,” एवढे पुरेसे होते. ते कुणी म्हटले नाही. मी लिहीत राहिलो, पण काही वर्षे वाया गेली, ती गेलीच.

म्हणून भाचीला मी पदकाचे आमिष दाखवले नाही. ऋतुजाची अकरा वर्षे कागदावर लिहून दाखवली आणि म्हटले, “अभ्यास सोडायचा नाही, हरल्यावर दुसऱ्या दिवशी सरावाला जायचे.” दर रविवारी अकोल्याला सरावासाठी नेण्याचे तिच्या वडिलांनी कबूल केले आहे. मुदत दोन वर्षांची. बसभाडे मामूकडे.