मोतिया की पिस्ता?

रमजान जवळ आला की आपल्या घरांत साफसफाई निघते आणि तिच्याबरोबर रंगाचा विषयही. मग घरात दोन पक्ष पडतात. अम्मीला मोतिया हवा असतो, मुलींना फिकट पिस्ता. रंग दोन्ही चांगलेच. पण ज्या खोलीत दादी तिलावत करतात आणि रात्री मुले अभ्यासाला बसतात, तिथली निवड केवळ आवडीवर सोडू नये, असे आम्हाला वाटते.

पहिला प्रश्न उजेडाचा. मोतिया भिंत पिस्त्यापेक्षा जास्त प्रकाश परत फेकते. खोलीला एकच खिडकी असेल आणि तीही अरुंद गल्लीत उघडत असेल, तर मोतियाच बरा. पश्चिमेचे ऊन थेट आत येत असेल तर मात्र पांढरट भिंती डोळ्यांवर येतात. तिथे पिस्ता निववतो.

दुसरा प्रश्न थोरांच्या नजरेचा. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना फिकट रंगांतला फरक नीट कळत नाही. पांढऱ्या भिंतीत पांढरी चौकट आणि पांढरे बटण हरवून जाते, अंधारात हात चाचपडतो. म्हणून मोतिया घेतला तर दाराची चौकट गडद ठेवावी, बटणांभोवतीही गडद पट्टी ओढावी.

शेडकार्डावर विसंबू नये. कार्डावर फिका दिसणारा रंग चारी भिंतींवर गडद वाटतो. दोन्ही रंगांचे छोटे डबे आणून भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवावेत, दोन हात द्यावेत. ते पूर्ण सुकल्यावर सकाळी, दुपारी आणि दिवे लावून पाहावेत. पिवळ्या बल्बखाली मोतिया अधिक पिवळा दिसतो, पांढऱ्या ट्यूबखाली थंड.

एक सावधगिरी. घरगुती रंगांतील शिशावर केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनी दशलक्ष भागांत 90 भागांची मर्यादा घातली. त्याआधीच्या ऑइलपेंटात शिसे जास्त असू शकते. असा जुना थर कोरडा घासू नये. ओला करून काढावा. तोवर लहान मुले आणि गरोदर सुना-लेकी यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

एवढे पाहूनही मत जुळले नाही, तर त्या खोलीत सर्वांत जास्त वेळ बसणाऱ्या माणसाला विचारावे. बहुतेक घरांत त्या दादीच असतात, आणि रंग ठरवताना त्यांनाच कोणी विचारत नाही.